आकडा राशीचा, घराचा नव्हे

वडील गेल्यापासून शेजारच्या काकू सकाळी पोहे आणून देतात, आणि त्या वासाबरोबर मला भिंगारच्या आमच्या घरातली एक दुपार आठवते. ताईला बघायला राहुरीची माणसं आली होती. वडील पत्रिका बघत, आणि तेव्हा नुकतेच मलाही शिकवू लागले होते. वरचं मधलं घर पहिलं, तिथून डावीकडे मोजत जायचं, आणि घरात लिहिलेला आकडा राशीचा असतो, घराचा नव्हे, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मुलाचे मामा ताईची पत्रिका माझ्यापुढे धरून हसत म्हणाले, "ज्योतिषीबाई, सांगा बरं, आमच्या सुनंचा मंगळ कुठं हाय?" मंगळाशेजारचा आठ बघून मी ऐटीत म्हणाले, "आठव्या घरात." आठव्या घरातला मंगळ नवऱ्याच्या जिवावर उठतो असं मानतात. मुलाच्या आईने हातातली पोह्यांची बशी खाली ठेवली. वडील घाईघाईने बोट ठेवून मोजू लागले, "हे तिसरं घर आहे, आठ ही रास." मामांचं हसू गेलं होतं. "मग पोरीला असं कुनी शिकवलं?" माझ्याकडे न बघता वडील म्हणाले, "मीच. सांगायचं माझ्याकडूनच राहिलं." कळवतो म्हणून गेलेल्या माणसांनी काही कळवलं नाही. ताईचं पुढे दुसरीकडे जमलं, आणि वडील त्या दुपारबद्दल मला कधीच बोलले नाहीत. परवा भेटायला आलेले एक म्हातारे गृहस्थ सहज म्हणाले, "एवढा जाणता माणूस, पन लेकीला धड शिकवलं न्हाई म्हणे." मी त्यांच्यासाठी पाणी आणायला आत गेले.