मूठभर कोंड्याचं लेकरू

मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढचं वाचून कोणी माझ्यावरून लिंबू उतरवायला येणार नाही. अकोल्याच्या मुलींच्या शाळेत मी मास्तरीण होते, आणि वर्गात कोणी दृष्ट-बिष्ट म्हटलं की तिला बाकावर उभी करायचे.

आमच्या घराने बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन दोन वर्षं झाली होती. बाळापूरजवळच्या गावी सासऱ्यांनी स्वतःच्या हाताने देव्हारा उचलला आणि देव नदीत सोडले. मला फार बरं वाटलं होतं. माझ्या थोरल्या जाऊबाई मात्र त्या दिवशी काठावर गप्प उभ्या होत्या. त्यांची तीन लेकरं, प्रत्येक चार महिन्यांचं व्हायच्या आत, गेली होती. तोवर त्या सटवाईला शिव्या तरी देऊ शकत होत्या. आता घरात देव नव्हते, भीती होती तिथेच होती, आणि तक्रार करायला कोणी उरलं नव्हतं.

चौथी मुलगी झाली. दोन महिन्यांची असताना तिला वैशाखात डब्बा झाला. आमच्याकडे लेकराचं पोट भात्यासारखं उडायला लागलं, श्वास घरघरला, की डब्बा झाला म्हणतात. कोणी पोटावर तापल्या सळईचा डाग द्यायच्या आत माझ्या नवऱ्याने तिला अकोल्याला आणलं. तिथल्या डॉक्टरांनी अमरावतीच्या मोठ्या दवाखान्यात न्यायला सांगितलं. भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, दवाखान्याच्या पायरीवरच हातपाय गाळून बसणारे. शाळेला सुट्टी होती, डॉक्टरांशी चार वाक्यं मला बोलता येत होती, म्हणून जाऊबाईंबरोबर मी निघाले.

राजापेठेत एका ओळखीच्या घरी आम्हाला खोली मिळाली. सकाळी मी तिथे भाकरी थापायची, डबा बांधायचा आणि चालत दवाखाना गाठायचा. लहान मुलांच्या वॉर्डात दहा लोखंडी खाटा होत्या. आमची सातवी. बाळाच्या नाकाशी नळी, आणि दर सहा तासांनी इतक्याशा मांडीवर सुई. डॉक्टर म्हणाले, "दोन्ही फुप्फुसं भरलीत. चार दिवस काढले तर बघू." मी जाऊबाईंना म्हटलं, "चार दिवसांत बरी होते म्हून राहिले." आयुष्यात मी मुलींना खोटं बोलल्याबद्दल पुष्कळ शिक्षा केल्या, पण त्या दिवशीच्या खोट्याची मला अजून लाज वाटत नाही.

तिसऱ्या दुपारी बाळाचे ओठ निळे झाले. नर्सबाईंनी नळी सारखी केली, रंग परत आला, पण जाऊबाईंचा धीर गेला. त्यांनी मला व्हरांड्यात ओढलं.

"हे लेकरू तू इकत घे."

ज्या घरात लेकरं टिकत नाहीत तिथली ही जुनी रीत. नवं लेकरू दुसऱ्या बाईला मूठभर कोंड्यावर विकायचं. मग आईने त्याला आपलं म्हणायचं नाही, हात लावायचा नाही. न्यायला येणारं जे कोणी असेल ते त्या आईच्या घराची खूण धरून येतं. लेकरू दुसरीचं निघालं की ते न्यायला आलेलं रिकाम्या हाताने परत जातं.

मी भडकले. "जाऊबाई, आपुन दीक्षा घेतली ना?"

"घेतली ना. मंग मी देवाले कुठं मांगून राहिली? तुले मांगून राहिली."

दुसऱ्या दिवशी मी भाकरीचं पीठ चाळलं तेव्हा उरलेला कोंडा कागदाच्या पुडीत बांधून नेला. नर्सबाई जेवायला गेल्या होत्या. जाऊबाईंचा हात बाळाच्या पोटावर होता. मी त्यांच्या पदरात कोंडा घातला, त्यांनी हात उचलला. एवढंच झालं. पण त्यांनी हात उचलला तेव्हा बाळ दचकलं आणि डोळे उघडून थेट माझ्याकडे बघायला लागलं. दोन महिन्यांच्या लेकराला असं बघता येतं का, ते मला ठाऊक नाही. मला ते आवडलं नाही.

आणखी एक सांगायचं राहिलं. त्या वेळी मला दिवस जाऊन दोन महिने झाले होते. लग्नाला पाच वर्षं होऊन पहिल्यांदाच. उगाच आशा नको म्हणून नवऱ्यालाही मी बोलले नव्हते. कोंड्याची पुडी बांधताना माझा हात क्षणभर थांबला होता, हे खरं आहे. मग मलाच माझा राग आला आणि मी पुडीला दोन गाठी जास्त मारल्या.

संध्याकाळी नर्सबाई नवा कागद घेऊन आल्या. "आईचं नाव?" जाऊबाई दारातूनच म्हणाल्या, "तिचं लिवा," आणि माझ्याकडे बोट केलं. मी नाव सांगितलं. कागदावर बाळाची आई मी झाले.

तेव्हापासून जाऊबाई खाटेजवळ आल्या नाहीत. दाराशी बसून वाटीत दूध काढून द्यायच्या, मी ते बोंडल्याने थेंब थेंब पाजायचे. बाळाला ओढण्याची ताकद नव्हतीच, त्यामुळे डॉक्टरांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. मला विचारायच्या, "तुही पोट्टी कशी हाये?" दुपारभर त्या हेच विचारायच्या, आणि तोंडावर अशी परकी काळजी, की शेजारणीने विचारावं. एकदा बाळ रडलं तेव्हा त्यांच्या चोळीवर दूध उतरलेलं मी पाहिलं. त्यांनी पदर ओढून घेतला आणि भिंतीकडे तोंड केलं.

त्या वॉर्डात एक बाई यायची. भेटीच्या वेळी, भर दुपारी. विटलेलं हिरवं लुगडं, पाय अनवाणी. बाहेरच्या फरशीवर आम्हाला चपलेतूनही चटका बसायचा, ही सावकाश चालत यायची. प्रत्येक खाटेशी थांबून एकच विचारायची, "हे लेकरू कोनाचं व्हय?" आई म्हणायची, माझं. ती मान हलवून पुढे जायची. आयाबाई म्हणाल्या, तिचं लेकरू इथेच गेलं, तेव्हापासून येते, कोणाला काही करत नाही, येऊ द्या.

पहिल्या दिवशी तिसऱ्या खाटेशी ती जरा जास्त वेळ थांबली. सकाळी मी आले तर तिसऱ्या खाटेवरची गादी उलटी टाकलेली. मग एक दिवस नवव्या खाटेशी थांबली. नववीही रिकामी झाली. मी स्वतःला समजावलं की जे लेकरू जास्त आजारी, त्याच्याशी कोणीही जास्त वेळ थांबेल. हिशेब बरोबर होता. तरी ती आली की मी पाठ करून उभी राहायचे.

कोंड्याच्या तिसऱ्या दिवशी ती आमच्या खाटेशी आली. जाऊबाई दारात होत्या, तिथूनच माझ्याकडे बघत होत्या.

"हे लेकरू कोनाचं व्हय?"

"माहं," मी म्हटलं.

तिने बाळाकडे पाहिलंच नाही. माझ्या पोटाकडे बघत राहिली आणि शांतपणे म्हणाली, "दोनी?"

दोन महिन्यांचं पोट, वर नऊवारीचा घोळ. जगात कोणाला सांगितलेलं नाही. वर्गातल्या चाळीस मुलींना एका नजरेत गप्प करणारी मी, मला तिला धड हाकलताही आलं नाही. माझ्या तोंडून "हो" निघालं. तिने मान हलवली आणि पुढच्या खाटेकडे गेली.

दुसऱ्या सकाळी बाळाचा ताप उतरला. संध्याकाळी तिने बोंडलं जिभेने ओढलं. डॉक्टर खूश झाले, सुयांना यश आलं म्हणाले, आणि मीही तेच म्हणते. अकराव्या दिवशी आम्ही बडनेऱ्याहून गाडी धरली. बाळ सबंध वाटभर माझ्याच मांडीवर होतं.

शाळा उघडल्यावर पंधरा दिवसांत माझं पोट पडलं. वर्गात फळ्याशी उभी होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पहिल्या खेपेला होतं असं, उन्हात फार वणवण केलीस. मला ते पटलं. मी रडले नाही. आठ दिवसांनी वह्या तपासायला घेतल्या.

आषाढात जाऊबाई मोटारीने अकोल्याला आल्या, बाळाला घेऊन. पोरगी गुबगुबीत झाली होती. माझ्या मांडीवर दिली तशी माझी बांगडी धरून बसली. जाऊबाई चहाला नाही म्हणाल्या. भिंतीला टेकून बसल्या आणि सरळ बोलायला लागल्या.

"त्या बाईले मीनंच सांगतलं होतं."

"काय सांगतलं?"

"तू सकाळी नळाजोळ ओकून राहिली होती. मले समजलं. ते बाई झाडाखाली बसली होती, तिच्याजोळ गेली. म्हटलं, सातव्या खाटेपाशी जे हाये, तिच्याजोळ दोन हायेत. एक सोड. मंग कोंचं सोडायचं ते तू पाह्य." त्यांचे डोळे कोरडे होते. "तीन गेले वं माहे. चौथ्याची ताकद नोती."

म्हणजे त्या बाईला काहीच दिसलं नव्हतं. कोणीतरी सांगितलं म्हणून ती 'दोनी' म्हणाली होती. दीड महिना उरात घेऊन फिरलेला तो शब्द एका वाक्यात उलगडला, आणि मला हायसं वाटायला हवं होतं. त्याऐवजी अमरावतीच्या त्या दुपारी वाटली त्याहून जास्त भीती मला माझ्याच घरात, माझ्याच जावेची वाटली. मी शिकलेली बाई. मी म्हणायला हवं होतं की असं काही नसतं, उन्हाने झालं. ते सगळं मला येत होतं. मी म्हटलं,

"मंग हे माही झाली. ठेव इथं अन् जाय तू."

आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना अगंतुगं केलं. त्या उठल्या. बाळाची दुपटी घडी करून माझ्याजवळ ठेवली आणि निघून गेल्या. एकदाही मागे वळल्या नाहीत. त्यांना ते न्यायाचंच वाटलं असणार.

अर्धा तास मी तशीच बसले. मग पोरगी भुकेने रडायला लागली. आधी कुरकुर, मग टाहो. माझ्या छातीला दूध नव्हतं, आणि रागाला तर ते येतच नाही. तिला खांद्यावर टाकून मी मोटारस्टँडवर पळत गेले, पायात चपलासुद्धा नव्हत्या.

जाऊबाई बाकावर बसल्या होत्या. चोळी पुढून ओली झाली होती आणि त्यांनी पदरही घेतला नव्हता. मी पोरगी त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी हात लावला नाही, नुसत्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या.

"पाजा तिले," मी म्हटलं.

त्यांनी तिला पदराखाली घेतलं. रडणं थांबलं. मी शेजारी बसले. बाळापूरच्या मोटारीला वेळ होता. समोर बघतच त्यांनी विचारलं,

"तुहं काय होतं वं? पोरगा का पोरगी?"

इतके दिवस हे कोणी विचारलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी नाही, नवऱ्याने नाही, मी स्वतःलाही नाही.

"इतक्या लवकर समजत नाई," मी म्हटलं, आणि मला रडू फुटलं. जवळ टेकायला दुसरं कोणी नव्हतं. मी त्यांच्याच खांद्यावर डोकं ठेवलं, आणि त्यांनी पोरीला डाव्या हातावर घेऊन उजव्या हाताने माझं डोकं धरून ठेवलं.