काकांचं ड्रिल आणि बाजारातली बॅटरी

मोहालीतल्या आमच्या घरात माळ्यावर एक जुनं ड्रिल मशीन आहे. वायर नसलेलं, बॅटरीवर चालणारं. पण त्याची बॅटरी नाही, आणि तसली बॅटरी बनवणं कंपनीनं केव्हाच बंद केलंय. दिवाळीच्या साफसफाईत बायको ते खाली काढते, पुसते आणि परत वर ठेवते. भंगारात द्यायचा विषय आमच्यात निघत नाही.

ते ज्यांनी पुढे आमच्या हवाली केलं, त्यांना चंदीगडमधली सगळी मराठी घरं नुसतं काका म्हणायची. मूळचे अमरावतीकडचे. केंद्र सरकारच्या एका कार्यालयात नोकरी, देशभर बदल्या, शेवटची बदली इथली. निवृत्तीनंतर काका-काकू इथेच राहिले. मुलगा परदेशात. काकूंना इथली थंडी आवडायची, असं काका सांगत. काकू म्हणत, थंडी कुणाला आवडते, आता परत सामान बांधायचा कंटाळा आला म्हणून राहिलो.

मी आलो तो बीड जिल्ह्यातल्या एका लहान गावातून. जिल्हा परिषदेची शाळा, मग तालुक्याचं कॉलेज, मग शिष्यवृत्तीवर इंजिनियरिंग. वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान. घरात पदवी घेतलेला मी पहिलाच. मोहालीत नोकरी लागली तेव्हा माझ्याकडे एक सूटकेस, एक गादी आणि पदवीदानाच्या काळ्या झग्यातला आई-वडिलांसोबतचा फ्रेम केलेला फोटो एवढंच होतं. गणपतीत ओळख झाली तेव्हा काकांनी विचारलं, घर मांडलं का. मी म्हणालो, मांडायला काही नाही, एक फोटो आहे, खिळा ठोकून लावीन.

रविवारी सकाळी स्कूटरवरून दोघं हजर. काकांच्या खांद्याला रेक्झिनची पिशवी, काकूंच्या हातात डबा.

"काऊन रे, आईबापाच्या फोटोला खिळा ठोकतं का कोणी?" काका दारातूनच म्हणाले. "प्लास्टर पडते ना बाप्पा."

त्यांनी भिंतीवर पेन्सिलीनं खूण केली, भोक पाडलं, त्यात प्लास्टिकचा गट्टू बसवला, स्क्रू आवळला. मी जमिनीवर सांडलेली लाल भुकटी पुसत होतो आणि काकू गादीवर बसून फोटो तिरका आहे की सरळ ते सांगत होत्या. आमच्या गावाकडच्या घरात सगळं खुंटीला किंवा खिळ्याला असायचं. भिंतीत नीट भोक पाडून काही लावायचं म्हणजे आता इथे राहायचं, असं मला त्या दिवशी वाटलं. डब्यात भरली वांगी होती. मी किती पोळ्या खाल्ल्या ते सांगायला नको.

आमच्याकडे तशी रीतच पडली होती. बदलीवर येणारं कुटुंब असो की आयटीतली पोरं, नव्या घरात पहिलं भोक काकांचं. आधी देव्हारा, मग घड्याळ, मग पडद्यांचे रॉड. चंदीगडच्या सेक्टरांमधली जुनी सरकारी क्वार्टर्स, मोहालीच्या सोसायट्या, कॅपिटॉल कॉम्प्लेक्समधल्या सचिवालयात नोकरी करणाऱ्या एका मराठी अधिकारीण बाईंचा बंगलासुद्धा. मोबदला म्हणजे जेवण. परत जाताना स्कूटरवर काकू त्या घरच्या स्वयंपाकाला मार्क द्यायच्या. आमटी पातळ असेल तर ते आम्हाला पुढच्या रविवारपर्यंत कळलेलं असे.

मग एका हिवाळ्यात काकू गेल्या. आजार लांबला नाही.

त्यानंतर काकांचं कुणाकडे येणं-जाणं एकदम कमी झालं. बोलावलं तर म्हणत, कशाला, उगीच तुम्हाला त्रास. मात्र शेल्फ लावायचंय म्हटलं की ते येत. आम्हा सगळ्यांच्या हे हळूहळू लक्षात आलं. काम असेल तर हा माणूस दार ओलांडतो, नसेल तर नाही. ते ड्रिल होतं म्हणून ते आमच्यात होते, असं म्हटलं तरी चालेल. मग घरोघरी कामं निघायला लागली. नको तिथे हुक, नको तिथे खुंट्या. माझ्या एका मित्राच्या बाथरूममध्ये टॉवेल अडकवायच्या इतक्या दांड्या झाल्या की त्याची आई आली तेव्हा म्हणाली, इथं काय वसतिगृह काढलंय का.

आणि नेमकी तेव्हा ड्रिलची बॅटरी गेली. दोन होत्या, एक आधीच मेलेली, दुसरीनं आता मान टाकली. कंपनीच्या दुकानात सांगितलं की हे मॉडेल बंद झालं, नवीन मशीन घ्या. काकांना ते पटलं नाही. मशीन चांगलं चालतंय, मोटर ठणठणीत आहे, नुसत्या बॅटरीसाठी ते टाकायचं? मी त्यांच्यासोबत मार्केटमध्ये गेलो. हार्डवेअरवाल्या सरदारजींनी मागच्या फळीवरून एक खोकं काढलं. कंपनीचं नाव नाही, नुसता ठळक अक्षरात मोठा आकडा. मूळ बॅटरीच्या जवळजवळ दुप्पट ताकद असल्याचा दावा.

"चलेगी ना जी?" काकांनी विचारलं.

"कंपनी वाली से बढ़िया चलेगी अंकल जी. पक्का."

मी ती हातात घेऊन पाहिली. मूळ बॅटरीपेक्षा चांगलीच हलकी होती. ताकद दुप्पट आणि वजन कमी, हे कसं, असं मी म्हणालोही. काका म्हणाले, नवीन जमाना आहे, इंजिनियर, तुमच्याच लोकांनी केलं असंल काहीतरी. खटका थोडा जोर लावून बसला, पण ड्रिल फिरलं. दुकानातच त्यांनी ते दोनदा हवेत फिरवून पाहिलं आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मी पुढे बोललो नाही.

मला लहानपणीची आमची बॅटरी आठवली, म्हणजे टॉर्च. आमच्याकडे टॉर्चला बॅटरीच म्हणत. आठवडी बाजारात नाव नसलेले सेल मिळायचे, चांगल्या सेलपेक्षा स्वस्त. ते लवकर उतरायचे. मग वडील ते पत्र्यावर उन्हात ठेवायचे. दुपारभर तापले की संध्याकाळी टॉर्च पिवळट का होईना, पण लागायची. आई हसायची, की सेलांचं पण वाळवण घालतो हा माणूस. वस्तू संपली असं आमच्या घरी सहजासहजी कुणी म्हणत नसे. काकांच्या हातातलं ते खोकं पाहून मला माझे वडील दुकानाबाहेर स्टुलावर बसलेले दिसले.

नवी बॅटरी सुरुवातीला बरी चालली. नंतर तिचे गुण दिसायला लागले. मोहालीच्या सोसायट्यांच्या सिमेंटच्या भिंतीत जेमतेम एक-दोन भोकं झाली की ड्रिल कण्हायला लागायचं आणि थांबायचं. मग बॅटरी चार्जरला लावा आणि वाट पाहा. एका देव्हाऱ्याच्या कामाला सबंध सकाळ जायची.

गंमत अशी की त्याबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती. बॅटरी चार्ज होईपर्यंत काका काय करणार? बसणार. बसले की चहा, चहासोबत पोहे, पोह्यांवरून अमरावतीचे पोहे बरे की इंदूरचे, यावर वाद. त्यांना पत्त्यांत रमीपेक्षा बदाम सात जास्त आवडायचं, हे आम्हाला त्या काळातच कळलं. घरातली मुलं त्यांच्याशी हिंदीत बोलत, ते वऱ्हाडीत उत्तर देत, आणि दोन्ही बाजूंना सगळं समजे. आधीच्या चांगल्या बॅटरीनं काका अर्ध्या तासात काम उरकून जेवून निघत. ही भिकार बॅटरी त्यांना दिवसभर आमच्यात बसवून ठेवत होती. मला तर ती विकणाऱ्याचे आभार मानावेसे वाटायचे. आम्ही कुणीही नवीन बॅटरीचा, नवीन मशीनचा विषय काढला नाही. तशी बॅटरी तापायची. काका ती पंख्याखाली ठेवायचे. वडिलांचे सेल उन्हात आणि काकांची बॅटरी पंख्याखाली, एवढाच फरक, असं मी हसून म्हणायचो.

मग मुल्लानपूरचा तो रविवार आला. आमच्यातल्या एका जोडप्यानं तिकडे, चंदीगडबाहेरच्या नव्या वस्तीत तळमजल्यावर फ्लॅट घेतला होता. आजूबाजूला अर्धवट इमारती, पलीकडे गव्हाची शेतं. त्यांचं बाळ काही महिन्यांचं. आम्ही चारपाच जण मदतीला गेलो होतो. सवयीप्रमाणे बॅटरी चार्जिंगला लावली, हॉलमधल्या दिवाणाशेजारी, आणि आम्ही आतल्या खोलीत कपाट सरकवत होतो. जळक्या प्लास्टिकचा वास आला. बाहेर आलो तर बॅटरी फुगलेली, तिच्या फटीतून धूर. दिवाणावर बाळ झोपलेलं.

बाळाच्या आईनं त्याला उचललं आणि ती मागच्या दारानं अंगणात गेली. काकांनी बटण बंद केलं, खांद्यावरचा टॉवेल गुंडाळून बॅटरी ओढून काढली आणि धावत बाहेर नेऊन बांधकामाच्या वाळूच्या ढिगात टाकली. वर पायानं वाळू लोटली. त्या वयात ते इतकं धावू शकतात हे मला माहीत नव्हतं. वाळूतून बराच वेळ धूर येत राहिला. कुणाला काही झालं नाही. भिंतीला काळा डाग आणि काकांच्या दोन बोटांना फोड, एवढंच.

कुणीही त्यांना शब्दानं बोललं नाही. उलट सगळे म्हणत होते, काका, तुम्ही होता म्हणून बरं. बोटांना मलम लावून घेताना ते बाळाकडे बघत नव्हते. जेवायला थांबले नाहीत. ड्रिल पिशवीत घातलं, स्कूटरला किक मारली आणि गेले.

त्यानंतर फोन केला की म्हणत, मशीन बंद आहे रे. शेल्फ लावायचंय म्हटलं तर म्हणत, मोबाइलवरून माणूस बोलाव, आजकाल येतात. एकदा मी त्यांच्या घरी गेलो. टेबलावर एका माणसाचं ताट झाकून ठेवलेलं होतं. ड्रिलची पिशवी दिसली नाही. मी काही विचारायच्या आत ते पाऊसपाण्यावर बोलायला लागले.

त्याच वर्षी माझं लग्न झालं. बायको लातूरची. आम्ही जरा मोठ्या घरात राहायला गेलो. देव अजून जेवणाच्या टेबलावर होते, कारण भिंतीत पहिलं भोक काकांचं, हे मी तिला आधीच सांगून ठेवलेलं. मी फोन केला. म्हणालो, मी नवीन ड्रिल घेतो, चांगल्या कंपनीचं, तुम्ही फक्त या.

मग ते म्हणाले, "तुझ्याकडे मशीन असंल, तर मग माझं काय काम तिथं?"

बायको शेजारीच होती, तिनं माझ्या हातातून फोन घेतला. त्यांना तिनं तोवर पाहिलंही नव्हतं.

"काका, काम काहीच नाही," ती म्हणाली. "देव हायेत टेबलावर, राहू द्या. मला इथं कुणी सासरचं माणूस नाही. रविवारी जेवायला या."

रविवारी ते आले. पिशवी नव्हती. इतक्या वर्षांत मी त्यांना कधी कुणाच्या दारात असं रिकाम्या हातांनी उभं पाहिलं नव्हतं. हातांचं काय करावं हे त्यांना कळत नव्हतं. आत येऊन त्यांनी सवयीनं भिंत बोटांनी वाजवून पाहिली, मग हात मागे घेतला. बायकोनं वरण-भात, तूप, मेथीची भाजी आणि ज्वारीची भाकरी केली होती. पीठ माझ्या आईनं गावाहून पाठवलेलं. ते सावकाश जेवले. फार बोलले नाहीत. आमटी पातळ की घट्ट, ते सांगायला काकू नव्हत्या, म्हणून बहुधा त्यांनी स्वतःच सांगितलं की भाजी छान झाली.

जेवण झाल्यावर मला भीती होती की आता ते उठतील. थांबायला काही कारण नव्हतं, काही चार्ज होत नव्हतं, काही अर्धवट राहिलेलं नव्हतं. ते सोफ्यावर टेकले. मी ताटं उचलून आत गेलो. बाहेर आलो तर त्यांना झोप लागली होती, चष्मा डोळ्यांवरच. बायकोनं हलकेच तो काढून ठेवला आणि पंखा एक आकडा कमी केला. आम्ही दोघं स्वयंपाकघरात जमिनीवर बसून हळू आवाजात बोलत राहिलो.

उन्हं कलल्यावर बाहेरून त्यांचा खोकला ऐकू आला. मग हाक.

"सूनबाई, चहा टाक बाप्पा. साखर जरा जास्त."