सही खोडणारा संपादक

वाशीम जिल्हा व्हायचा होता, त्या काळात मी तिथं कलेत क्रांती करून घेतली. एकदा जिल्हा झाला की गर्दी वाढणार, मग आपल्याला कोण विचारतो, असा हिशेब होता. क्रांती झेरॉक्सची होती, सोळा पानी, मधोमध दोन पिना मारलेली. संपादक मंडळात पाच जण होते. त्यांतले दोघं नोकरीला लागले, एकाचं लग्न ठरलं आणि एकाला आपण मंडळात आहोत हे शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही. उरलो मी.

अंक भूमिगत होता. म्हणजे तशी माझी इच्छा होती. आमच्याकडे जमिनीखाली भुईमूग आणि हळद सोडून काही पिकत नाही, तिथं मी कला लावली. अंकावर बंदी यावी म्हणून जिवापाड प्रयत्न केले. एक प्रत स्वतः पोलीस ठाण्यात नेऊन दिली. जमादारानं ती पुढून-मागून पाहिली, तिच्यावर चहाचा ग्लास ठेवला आणि विचारलं, "मास्तर, शायेचा अंक हाय का?"

झेरॉक्स मशीन बाजारातल्या एका जैन शेटजींच्या स्टेशनरी दुकानात होतं. मी संपादकीयाची पानं पुढं केली की शेटजी चष्म्याच्या वरून पाहायचे. "मास्तर, इन्कलाब एका बाजूनं काढू का दोन्ही बाजूनं?" मी म्हणायचो, दोन्ही बाजूनं, कागद वाचतो. असे सहा अंक निघाले. शेवटच्यावर आकडा सात आहे. सहाव्या वेळी मशीन बिघडलं होतं, आणि मी सातव्यात लिहिलं की सहावा अंक हा मौनाचा अंक होता.

पहिल्याच संपादकीयात मी जाहीर केलं, की नाव ही कलेला लागलेली बोंडअळी आहे. म्हणून अंकात कवीचं नाव नाही, चित्रकाराचं नाही, खुद्द अंकालाही नाव नाही, मुखपृष्ठावर नुसता आकडा. अपवाद एकच. शेवटच्या पानावर, पत्रव्यवहारासाठी म्हणून, माझं संपूर्ण नाव, बी.ए., बी.एड., घराचा पत्ता आणि पिनकोड. पत्र कुठं पाठवायचं हे लोकांना कळायला नको का? एकूण दोन पत्रं आली. एक विमा एजंटचं होतं. दुसरं मीच टाकलं होतं, पत्ता बरोबर छापलाय का ते बघायला.

हे सगळं मी विसरलो होतो, म्हणजे लोक विसरले होते आणि माझा नाइलाज होता. यंदा उन्हाळ्यात अमरावतीहून एका मुलीचा मेसेज आला. ती विदर्भातल्या असल्या बंडखोर अंकांवर पुस्तक लिहीत होती. कुण्या निवृत्त प्राध्यापकाच्या गठ्ठ्यात तिला माझा तिसरा अंक सापडला होता. मुखपृष्ठाचा फोटो पाठवून तिनं विचारलं, "सर, हे अप्रतिम रेखाचित्र आपलंच ना?"

चित्र माझं नव्हतं. मला मांजर काढता येत नाही. पण 'अप्रतिम' हा शब्द मला उद्देशून शेवटचा कधी वापरला गेला ते आठवेना. मी अर्धा तास विचार केला आणि उत्तर म्हणून दोन जोडलेले हात पाठवले. यात मी 'हो' म्हणालो असं कुणालाही सिद्ध करता येणार नाही. मराठी माणसानं खोटं न बोलता खोटं बोलण्यासाठी यापेक्षा सोयीचं काही अजून निघालेलं नाही. चार महिन्यांत तिनं अख्खं प्रकरण लिहून टाकलं, आणि कळवलं की आता फक्त सगळे अंक नजरेखालून घालायचे आहेत, तुमच्याकडचा संच स्कॅनिंगला मिळेल का.

माझ्याकडे संच कुठला? सगळे अंक मी त्या वेळी लोकांच्या खिशात कोंबून संपवले होते. पूर्ण संच असलाच तर एकाच माणसाकडे असणार होता, आणि नेमकं त्याच्याकडे जायची मला लाज वाटत होती. तो अनसिंग गावचा पेंटर. दुकानांच्या पाट्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर मालकाचं नाव, भिंतीवर खताच्या जाहिराती, हे त्याचं काम. सहाच्या सहा मुखपृष्ठं त्याची होती.

मोटरसायकल घेऊन गेलो. पेंटर ओसरीत बसून एका ट्रॉलीच्या फळकुटाला प्रायमर मारत होता. पंचाहत्तरीच्या आसपास असेल, पण हात काही थरथरत नव्हता. मला पाहून उठलाही नाही.

"या मास्तर. कोन वारलं?"

"कुणी नाही. सहज आलो."

"सहज कोनी अनसिंगले येते का? पानी आन वं," त्यानं आत आवाज दिला. "मास्तर आले. ते इन्कलाबवाले."

मी आडवळणानं विषय काढला. ते जुने अंक कुठं असतील का, एका मुलीला बघायचे आहेत, आणून परत देतो. ती पुस्तकात काय लिहून बसली आहे, एवढं सोडून सगळं सांगितलं. पेंटरनं ब्रश रॉकेलच्या डब्यात टाकला, हात पुसले आणि आतून एक पत्र्याची पेटी ओढत आणली. लग्नपत्रिका, सातबारा, आणि त्याखाली खताच्या प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले सहा अंक. माझे अंक मी इतके नीट ठेवलेले कधी पाहिले नव्हते.

आम्ही एकेक उघडून पाहू लागलो. मी संपादकीयं वाचत होतो, म्हणजे ज्या वाक्याला घाम फुटेल तिथं थांबून पुढच्या पानावर जात होतो. तिसऱ्या अंकात मी मुखपृष्ठाच्या चित्राबद्दल दोन पानं लिहिली होती. शून्याच्या जबड्यात सापडलेला आधुनिक माणूस, दुभंगलेलं अस्तित्व, वगैरे.

"हे काय होतं हो पेंटर, खरं तर?" मी विचारलं.

"गव्हान व्हय. आमच्या गोठ्यातली. तिले मधून चीर गेली होती."

"मग तेव्हा बोलला का नाही?"

"तुमी शिकेल मानसं. मले वाटलं, गव्हानीले शहरात तसं म्हनत असतीन."

पाचव्या अंकावर दोन उंचावलेले हात होते आणि त्यांच्यावर आडवी बेडी. निदान मी तसं लिहिलं होतं. परंपरेची बेडी पेलून उभी राहणारी नवी पिढी. पेंटरनं अंक हातात घेतला आणि शांतपणे उलटा करून माझ्यासमोर धरला. तो वखर होता. दोन दांडे खाली, त्यांना तळाशी जोडणारं माती उकरायचं लोखंडी पातं. मी तो उलटा छापला होता, आणि नव्या पिढीला त्यावर उभं केलं होतं.

पाणी घेऊन आलेल्या वहिनी पेंटरच्या खांद्यावरून पाहत होत्या. "मास्तरले वखर नाई समजला," त्या म्हणाल्या. "अन् पोराईले मराठी शिकवत होते तीस वर्षं."

मी पाणी पिऊन घेतलं.

मग मला ते दिसलं. सहाही मुखपृष्ठांवर, चित्र सरळ धरलं की उजव्या हाताला अगदी खालच्या कोपऱ्यात, बोटाच्या पेराएवढा पांढरा डाग. पेंटरच्या बारीक रेघा येतायेता तिथं तुटत होत्या आणि डागाच्या पलीकडून पुन्हा सुरू होत होत्या. झेरॉक्सचा दोष नव्हता तो. पाट्या रंगवणारा माणूस पाटी कितीही लहान असो, कोपऱ्यात आपलं नाव टाकतोच, खाली एक झोकदार रेघ ओढून. त्यानं चित्रांवरही टाकलं होतं. आणि मी शेटजींच्या दुकानातली पांढऱ्या शाईची बाटली विकत घेऊन, मशीनपाशी उभं राहून, सहा वेळा ते नाव खोडलं होतं. बोंडअळी मारत होतो. मूळ चित्रं नंतर कुठं गेली, मला आठवत नाही. म्हणजे आठवतं. शाळेच्या फळ्यामागं ठेवली होती, आणि नंतर तो फळा बदलला.

पेंटर माझ्याकडे बघत नव्हता. डागावर अंगठा ठेवून बसला होता.

"त्या पोरीच्या पुस्तकात चित्र छापतीन म्हनता?"

"हो."

"मंग नाव येईन का माह्यं?"

मी अंकांचा गठ्ठा सारखा करू लागलो.

"नाई, विचारून राह्यलो फक्त. फ्लेक्स आले न मास्तर, तवापासून बाजारातल्या साऱ्या पाट्या उतरल्या. एक राह्यली होती समाजमंदिरावर, तिच्यावर दिवाळीत डिस्टेंपर मारला. आता माह्यं नाव गावात फक्त राशन कार्डावर हाय."

"तुमीच टाका न मंग," वहिनी म्हणाल्या. "जागा तं मोकयीच ठेवेल हाय मास्तरनं. ब्रश हातात हाय."

"नाई. आता टाकलं तं आताचंच दिसन. ते खोटं झालं." पेंटरनं अंगठा काढला. "मास्तरनं सांगतलं तरच."

"त्याईनं तवा पुसलं, आता काहून सांगतीन?"

याला उत्तर देण्यासारखं माझ्याकडे एकच होतं आणि ते खिशात होतं. त्या मुलीनं सकाळीच प्रकरणाचं शेवटचं प्रूफ पाठवलं होतं. चित्राखाली ओळ होती: मुखपृष्ठ, संपादकाचे. खाली माझं नाव, शुद्धलेखनाच्या एकाही चुकीशिवाय. उठून निघून येता आलं असतं. अंक समोरच होते, पेंटर काही पुस्तक मागवून वाचणार नव्हता, आणि माझ्या नातवंडांना दाखवायला एक तरी छापील गोष्ट झाली असती. खोटं कशाला सांगू, दोन-तीन मिनिटं मी हाच विचार करत मोबाइलच्या काचेवरची धूळ पुसली. पण वहिनी ग्लास हातात घेऊन तशाच उभ्या होत्या. त्या हलल्या असत्या तर मीही हललो असतो.

फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"बेटा, ती चित्रं माझी नाहीत."

मग ती म्हणाली, "म्हणजे सर, लेखक आणि कृती यांचं नातं आपण नाकारताय, त्या अर्थानं?"

"नाही गं. म्हणजे ती मी काढलेली नाहीत. अनसिंगच्या एका पेंटरनं काढली. त्याची सही होती. मी ती खोडली."

"पण सर, माझं अख्खं प्रकरण तुमचं संपादकीय आणि तुमचं रेखाचित्र यांच्यावर आहे. शीर्षकच 'एका मनाचे दोन हात' आहे."

"दोन माणसांचे आहेत. आणि पाचव्या अंकावरचे दोन तर वखराचे आहेत."

"आणि ते शून्य?"

पेंटर पुढं झुकला आणि फोनच्या अगदी जवळ तोंड नेऊन, बहिऱ्याशी बोलावं तसं म्हणाला, "गव्हान व्हय, बाई."

ती आधी चिडली. तिचं बरोबरच होतं. आधी का नाही सांगितलं, असं विचारलं, आणि मी जोडलेल्या हातांची कायदेशीर बाजू मांडू लागलो तर तिनं मध्येच तोडलं. मग तिनं पेंटरना फोन द्यायला सांगितलं. मी दिला. तो मला अर्ध्या तासानं परत मिळाला, बॅटरी संपल्यावर.

पुढच्या रविवारी ती स्वतः अनसिंगला आली. मी मुद्दाम इस्त्रीचा सदरा घालून गेलो होतो, बंडखोर चळवळीबद्दल चार वाक्यं पाठ करून. पेंटर आणि ती ओसरीत समोरासमोर बसले. गव्हाणीची चीर कशी काढली, शाई कुठली, रेघ तुटू नये म्हणून श्वास कधी धरायचा, हे सगळं तिनं रेकॉर्ड केलं. वहिनींनी भाकरी-पिठलं केलं, आणि गोठ्याची जागा दाखवून आणली. साडेतीन तासांत तिनं मला एकच प्रश्न विचारला.

"सर, तो पंखा जरा बंद करता का? रेकॉर्डिंगमध्ये आवाज येतोय."

मी पंखा बंद केला.

निघताना तिनं वही काढली. चित्राखाली छापायला पूर्ण नाव हवं होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्या लक्षात आलं, की मला ते माहीत नाही. इतकी वर्षं मी त्याला पेंटरच म्हणत आलो होतो. खोडताना वाचलं असणार, सहा वेळा. पण खोडणारा माणूस कुठं नीट वाचतो?

पेंटर म्हणाला, "मीच लिहून देतो, बाई. हाताचंच छापा." मग माझ्याकडे वळला. "अन् मास्तर, तुमी याच्यावर कुठंसं लिहसान तं माह्यं नाव घालू नका. यायच्या पुस्तकात आलं तेवढं बस. तुमचा भरोसा नाई."

त्यानं पेटीवर कोरा कागद मांडला, बारीक ब्रश काळ्या रंगात बुडवून काठावर निपटला. कागदाचं टोक वळत होतं, म्हणून मी मदतीला बोट ठेवलं, उजव्या हाताच्या खालच्या कोपऱ्यावर.

ब्रश कागदाच्या वर थांबला.

"हात काढा तिथून," पेंटर म्हणाला.

मी काढला. मगच त्यानं लिहायला घेतलं.