नवव्या दिवशी थांबलेली यादी

सुलभाअक्कांना मी प्रथम पाहिलं ते आमच्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये, रविवारच्या पायथॉन या संगणकभाषेच्या वर्गात. हेब्बाळच्या एका सरकारी संशोधन संस्थेत मी आयुष्यभर उपकरणं सांभाळली. चौपन्नाव्या वर्षी हुकूम आला: प्रोग्रामिंगची परीक्षा द्या, नाहीतर प्रयोगशाळा सोडून भांडारात बसा. निवृत्त इंजिनिअर असलेल्या अक्का नवशिक्यांना हौसेनं शिकवतात असं कळलं, म्हणून गेलो. पहिल्या तासाला मला काही कळलं नाही. खरं सांगायचं तर दुसऱ्यालाही नाही.

अक्कांची पद्धत न्यारी. संगणकानं चूक दाखवली की त्या ती पुसू देत नाहीत; उभं राहून मोठ्यानं वाचायला लावतात. "स्वल्प थांबा. आधी वाचा, मग घाबरा," असं कानडी मिसळून म्हणतात. मला या वाचनाची भारी लाज वाटे. हळूहळू मी त्यांना काही दाखवायचंच टाळू लागलो.

आमच्या गणपतीत रोज एका घरचा नैवेद्य असतो. यंदा दहा घरांची यादी प्रोग्राम लिहून करतो, अशी फुशारकी मी मारली. एक ते दहा असं लिहून मोकळा झालो. पायथॉन तिथला शेवटचा आकडा धरत नाही, हे तीनदा शिकूनही डोक्यात शिरलं नव्हतं. यादी नऊ दिवसांचीच निघाली. ग्रुपवर जो तो आपलंच नाव शोधत होता, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही. दहावं घर शहराबाहेरच्या आनेकलचं. लांब राहतो म्हणून यंदा वगळलं, असं वाटून ते बिचारे गप्प बसले. शेवटच्या आरतीला देवापुढचा पाट रिकामा राहिला.

सगळे माझ्याकडे बघू लागले. तेवढ्यात अक्का उठल्या. "यादी माझ्या वर्गातली. चूक माझी," म्हणाल्या, आणि आनेकलच्या मंडळींची त्यांनी सर्वांदेखत माफी मागितली. मग मीही उठून हात जोडले.

पण मी चक्रावलो होतो. यादी मी त्यांना दाखवलीच नव्हती! बाहेर गाठून विचारलं, "अक्का, असं का सांगितलंत?"

"मला दाखवायला तुम्ही घाबरलात. मग चूक माझीच की. सरी, ठीक आहे, रविवारी या."

परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. पास होईन की भांडारात जाईन, ठाऊक नाही. गोंधळ अजून आहेच. पण आता चूक आली की मी उभा राहून वाचतो. आवाज जरा कापतो, एवढंच.

पंचाहत्तरी गाठणाऱ्या अक्कांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. यात माझा स्वार्थ आहे, मंडळी. मला पायथॉनमधलं फंक्शन अजून कळलेलं नाही, आणि ज्याच्याकडे आपल्या चुका घेऊन जावं असं दुसरं माणूस या वयात मला मिळायचं नाही.