आत्याची ओळ झेलणारी

माझी आत्या धवलारीण, लग्नात धवले गाणारी. आमच्या उरणकडच्या गावांत लग्नाचे विधी तिच्या गाण्यांशिवाय पुढे सरकत नाहीत. पण धवला एकटीनं गायचा नसतो. एक ओळ सोडते, दुसरी तीच झेलून पुन्हा म्हणते. तिची ओळ झेलणारी मैत्रीण गेल्या पावसाळ्यात वारली आणि आत्यानं गाणंच सोडलं. माझ्या पुतणीची हळद जवळ आली, तरी "एकटीनं न्हाय जमत" यापलीकडे ती बोलेना. मांडवात नुसता डीजे वाजणार या विचारानं माझा जीव तुटत होता.

मला गाणी रेकॉर्ड करायचा नाद आहे. म्हटलं, आत्याची ओळ लॅपटॉपवर घ्यावी, तिनंच ती झेलावी, आणि तो झेललेला आवाज हळदीला स्पीकरवर लावावा. माइकपुढे आत्याला बसवलं. दोन ओळी झाल्या नाहीत तोच तिनं हेडफोन काढून माझ्या मांडीवर टाकला. तिचा आवाज तिच्याच कानात जरा उशिरा पोचत होता.

"ही कोन माझ्या मागून रेंगालते?" म्हणाली आणि घरी गेली.

लॅपटॉप जुना, त्यात मीच भरलेला कचरा. दोष कुणाला देणार? इंटरनेटवरच्या हौशी मंडळींना विचारलं. प्रत्येकाची सिस्टीम वेगळी आणि प्रत्येकजण तिच्यासाठी हमरीतुमरीवर येणारा. शेवटी लिनक्स नावाची सिस्टीम टाकायची ठरवली. पण त्याच लॅपटॉपवर मी कंटेनरच्या गाड्यांची बिलं करतो, घर त्यावर चालतं. बायको कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "संगीतकार, प्रिंटर चालला पाहिजे हां."

प्रिंटर रुसलाच. मग जुनी सिस्टीम बिलांसाठी ठेवली आणि गाण्यांसाठी शेजारी नवी. चालू करताना लॅपटॉप विचारतो, कुठली हवी? बायको म्हणाली, "दोन संसार थाटलेत."

मग चाचण्या. आत्याच्या त्याच दोन ओळी लावायच्या, सेटिंग बदलायचं, पुन्हा लावायच्या. मी इतका वैतागलो की लॅपटॉप खाडीत फेकायची भाषा करू लागलो. स्वयंपाकघरातून बायको ओरडायची, "अवो, बदला ती ओल आता!" एका दुपारी मी माइकपुढे टाळी वाजवली आणि हेडफोनमध्ये ती हाताबरोबरच वाजली. मी उडालोच.

आत्याला मिनतवाऱ्या करून आणलं. तिनं बिचकतच हेडफोन चढवला, तीच ओळ सुरू केली, आणि तिचा चेहरा सैलावला. या वेळी मागून कुणी रेंगाळत नव्हतं. ओळ संपवून ती जुन्या सवयीनं थांबली.

आणि ओळ झेलली गेली. मी तर कशालाच हात लावला नव्हता. आवाज स्वयंपाकघरातून आला होता. बोंबील साफ करता करता बायकोनं ओळ उचलली होती, शब्दाला शब्द, अगदी वेळेवर.

आत्यानं हेडफोन काढला. तिचे डोळे भरले होते, माझेही. "मासली र्‍हाऊ दे गो. हात धू आन् बस माझ्या बाजूला."

हळदीला दोघी मांडवात बसल्या. स्पीकरवर कुणालाच लावावं लागलं नाही. मी लॅपटॉपवर नुसतं रेकॉर्डिंग केलं. त्यात पहिल्या ओळीला बायकोचा आवाज चांगलाच कापतो. ती ओळ काढून टाकू का, असं मी आत्याला नंतर विचारलं.

"र्‍हाऊ दे," आत्या म्हणाली. "माझी पन पयली अशीच कापली होती."