तापलेल्या नळीपाशी रफीकभाई

रफीकभाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी अहेरीच्या आठवडी बाजारात वांगी निवडत होते. "अब्बा सकाळी चहा प्याले अन् खुर्चीतच..." त्यांचा मुलगा एवढंच बोलला. वांगी तिथंच टाकून मी बाजाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत उगीच चालत राहिले. महिना उलटून गेला, अजून एका जागी बसवत नाही.

आम्ही पोलिसात, एकाच हत्यारखान्यात होतो. ते बंदुका दुरुस्त करायचे, मी त्यांच्या हाताखाली शिकले. माणूस भिंगरीसारखा, जेवायचा तोही उभ्यानं. पण गोळीबाराचा सराव संपला की हाच माणूस सायलेन्सर लावलेल्या रायफलींजवळ मांडी घालून बसे. आवाज दाबणारी ती जाड नळी. प्रत्येक गोळीमागची पेटती हवा तिच्यात कोंडते आणि भराभर गोळ्या सुटल्या की नळी तव्यासारखी तापते. रंग मात्र बदलत नाही, काळी ती काळीच. एकदा घाईत मी तिच्यावर बाटलीतलं पाणी ओतायला निघाले, तर ओरडले, "पाणी नको टाकू वो ताई! तडकून जाईन ते. त्याले त्याच्या मनानं निवू दे."

एका उन्हाळ्यात सरावानंतर एका दमलेल्या जवानानं रिकामी रायफल खाली टेकवली. तापल्या नळीखाली सागाची वाळली पानं. आधी धुराची बारीक रेघ, मग भडका... पलीकडच्या उतारावर गावातल्या बाया मोहफुलं वेचत होत्या आणि वारा तिकडेच वाहत होता. रफीकभाई धावले. हाताशी आधी आली ती नळीच. उघड्या उजव्या तळव्यानं ती धरून त्यांनी रायफल ओढून काढली, बाजूला फेकली आणि त्याच हातात हिरवी डहाळी घेऊन आग झोडपू लागले. आम्ही सगळेच झोडपत होतो. आग विझली. टोपलं न सोडता उभ्या राहिलेल्या एका म्हातारीनं त्यांचा तळवा पाहिला आणि आपल्या तुंब्यातलं प्यायचं पाणी त्यावर ओतलं.

दवाखान्यात नेताना गाडीत मीच रडत होते. "काऊन रडून राह्यली?" ते म्हणाले. "हात हाय हा, रायफल नाई. याले पाणी चालते."

हात बरा झाला, पण बोटं पुरती मिटेनात. बारीक पेच धरता येईना. कार्यालयात टेबलावर बसवलं, तर दिवसभर व्हरांड्यात येरझाऱ्या. शेवटी वेळेआधीच नोकरी सोडून नागभीडला घरी गेले. तिथून फोन करायचे. तब्येतीचं विचारलं की उडवून लावायचे. "ते सोड. नळ्या निवल्या का आजच्या?"

गेल्या आठवड्यात नागभीडला गेले. नसीमभाभींनी चुलीवरचं दुधाचं भांडं उतरवलं, तर हातात जाड चामड्याचा मोजा. जुन्या बुटाचं चामडं, टाके वाकडेतिकडे. डाव्या हातानं शिवलेले.

"तुमच्यासाठीच शिवून राह्यले होते, ताई," भाभी म्हणाल्या. "उजवा झाला. डावा कापून ठेवला, तो राह्यला."

मोजा काढून त्यांनी माझ्यापुढे धरला. आतून तो गरम होता. मी तो घेतला, अंगणापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. आत भाभींनी भांडं पुन्हा चुलीवर ठेवलं होतं आणि पदराचा बोळा करून त्या दूध वर येण्याची वाट पाहत होत्या.

मी आत जाऊन मोजा त्यांच्या हातात चढवला.