दाजींच्या लेन्सचा कलश

आमचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान रंगनाथ. नाशिकरोडच्या निम्म्या लोकांनी त्यांना मनातल्या मनात एकदा तरी शिव्या घातल्या असतील. पासपोर्ट फोटो काढताना ते समोरच्याची हनुवटी दोन बोटांत धरून अशी वळवतात, की दाताच्या डॉक्टरकडे आल्यासारखं वाटतं. "वर बघा. इतकं नाय. हसू नका, सरकारला हसलेलं चालत नाय." देवळाली कॅम्पातले जवानसुद्धा त्यांच्यापुढे मुकाट मान वळवतात, तिथे आपली काय कथा!

बिटको चौकातून आत वळलं की त्यांचा 'तेजल फोटो स्टुडिओ' लागतो. तेजल ही त्यांची एकुलती एक लेक. लग्नं, साखरपुडे, बारशी, दुकानांची उद्घाटनं, सगळ्यांचे फोटो दाजीच काढतात आणि चांगले काढतात. माणूस सोन्यासारखा. पण एक खोड होती. कोणी कौतुक केलं की लगेच म्हणायचे, "हे काय फोटो झाले? मोठी लेन्स पाहिजे. मग दाखवलं असतं फोटो कशाला म्हणतात ते."

दाजींचं गाव निफाड तालुक्यात, नांदूरमध्यमेश्वरच्या धरणापासून जवळ. लहानपणी गुरांमागे फिरताना थंडीत उतरणारे पक्षी त्यांनी पोटभर पाहिलेले. पाण्यावरून रोहित पक्ष्यांचा थवा उठतो तेव्हा पंखांखालचा लाल रंग कसा एकदम उघडतो, हे त्यांनी मला माझ्या लग्नाच्या मांडवातही ऐकवलं होतं. वर हेही ऐकवलं, की तो फोटो आजवर कोणाला धड जमलेला नाही, आणि लेन्स असती तर आपल्याला जमला असता. ताई म्हणायची, "नाचता येईना, अंगण वाकडं." दाजी हसायचे. आम्ही सगळेच हसायचो. घरातली जुनी करमणूक होती ती.

यंदा गणपतीला तेजल बंगळुरूहून आली ती लेन्सचा खोका घेऊनच. मी तिथेच होते. दाजी आता लहान पोरासारखे उड्या मारणार म्हणून मी मोबाइल काढून व्हिडिओच लावला. तो अजून माझ्याकडे आहे. त्यात दाजी खोका उघडतात, आतली ती हातभर लांब लेन्स बघतात आणि त्यांचा चेहरा पडतो. "एवढं कशाला गं आणलंस?" म्हणतात. आनंदानं गांगरले असतील, असं मी धरून चालले.

मग सुरू झाली टाळाटाळ. पण टाळाटाळ तरी कशी म्हणायची? प्रत्येक कारण शास्त्राला धरून होतं. गणपती उठले तर पितृपक्ष लागला. पितृपक्षात कोणी नवी वस्तू वापरतं का? पितृपक्ष संपला तर घरात घट बसले. मग दाजी म्हणाले, एवीतेवी खंडेनवमी आलीच आहे, शस्त्रांची पूजा होईल, दसऱ्याच्या मुहूर्तावर पहिला फोटो काढू. घरात देवापुढे कधी नीट हात न जोडणारा हा माणूस एवढा पंचांगवाला कधी झाला, हे मला कळेना.

खंडेनवमीला स्टुडिओच्या काउंटरवर पाट मांडला. लाल कापड, त्यावर कॅमेरे, फ्लॅश, तिवई, झेंडूची फुलं. आमची ताई पूजा मांडायला लागली की तिला अडवायची कोणाची छाती नाही. तिनं त्या उभ्या, गोल, भरदार लेन्सकडे पाहिलं आणि तिला त्यात तांब्याच दिसला. तांदळाच्या राशीवर लेन्स उभी केली. "कुंकू काय प्लॅस्टिकला लावायचं?" म्हणत झाकण काढलं. कडेला हळदकुंकवाची बोटं ओढली, तोंडाशी विड्याची पानं खोवली आणि वर ठेवला नारळ. लेन्सचा झाला कलश!

"दाजी, अहो काचेवर नारळ!" मी म्हटलं.

"राहू दे," दाजी म्हणाले. "तिच्या मनासारखं होऊ दे."

दुसऱ्या दिवशी दसरा. उत्तरपूजेत अक्षता वाहून कलश जरासा हलवायचा असतो, म्हणजे देव जायला मोकळे. दाजींनी अक्षता वाहिल्या आणि लेन्सला हात लावला. खाली तांदूळ, वर नारळ. रास सरकली. मला दिसलं ते एवढंच, की कलश झुकला, दाजींचा हात तिथेच होता, आणि पुढच्या क्षणी सगळं फरशीवर. नारळ गडगडत दाराशी गेला, अगदी शाबूत. लेन्सच्या काचेला मात्र या कडेपासून त्या कडेपर्यंत तडे.

ताई फरशीवरचे तांदूळ गोळा करायला लागली. दाजींनी लेन्स उचलली, कानाशी धरून हलवली. आत काहीतरी खुळखुळलं. "गेली," ते म्हणाले. टॉवेलात गुंडाळून कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं. "तेजलला इतक्यात सांगू नका. तिचा जीव हळहळंल."

आता मी जे सांगते त्यानं माझं डोकं पार चक्रावलं होतं. त्या दुपारी ताईनं घास गिळला नाही, आणि दाजी? दाजींनी बासुंदीची वाटी तीनदा भरून घेतली. संध्याकाळी आपट्याची पानं द्यायला आमच्याकडे आले ते शीळ घालत. "सोनं घ्या, सोन्यासारखं राहा, उज्वलाबाई!" जन्मभर ज्या वस्तूचा ध्यास घेतला ती सकाळी फुटली, आणि हा माणूस संध्याकाळी शीळ घालतो? धक्क्यानं डोक्यावर परिणाम झाला की काय, अशीही शंका मला आली. पण तेही नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून हनुवट्या वळवणं जोरात सुरू. आणि कोणी फोटोचं कौतुक केलं की नवं पालुपद: "लेन्स आली होती हो. पडली. नशिबातच नाय."

तेजलचा फोन यायचा. "बाबा, पक्ष्यांचा फोटो?" दाजी सांगायचे, अजून पक्षी उतरले नाहीत, सकाळी धुकं असतं, लग्नाच्या तारखा आहेत. लेकीशी खोटं बोलताना त्यांचा आवाज मऊ व्हायचा. इकडे ताई दिवसेंदिवस गप्प होत चालली. दिवाळीत तिनं चकल्या केल्या नाहीत, तेव्हा मात्र मी धसका घेतला. चकल्यांशिवाय ताईची दिवाळी मी पाहिलेली नाही.

शेवटी माझंच डोकं सणकलं. ताईकडून किल्ली घेतली आणि दाजी एका साखरपुड्याला गेले असताना टॉवेलासकट लेन्स पिशवीत घालून नाशकात शालिमारला कॅमेरा दुरुस्त करणाऱ्या एका पोरगेल्या माणसाकडे गेले. अश्विन त्याचं नाव. त्यानं लेन्स फिरवून पाहिली, तोंडाच्या कडेला रबर गुंडाळलं, चिमट्यात धरून जोर लावला, आणि ती तडे गेलेली काच चकतीसारखी सुटून त्याच्या हातात आली. तिच्या मागे लेन्सची खरी काच. लख्ख. साधा ओरखडासुद्धा नाही.

"हिला काही नाही झालेलं," तो म्हणाला. "वरती जपायला बसवतात ती काच फुटली. कड दबली म्हणून अडकून बसली होती."

"पण आत खुळखुळतंय ना?"

"ही नवी असतानाही खुळखुळते. आतला एक भाग सुटाच असतो." त्यानं ती कॅमेऱ्याला लावून रस्त्यापलीकडच्या पाटीचा फोटो काढून दाखवला. पाटीवरचा गंजही मोजता आला असता. "कोणाची आहे?"

"आमच्या दाजींची. त्यांचा स्टुडिओ आहे."

तो माझ्याकडे बघतच राहिला. मलाच शरम वाटली. वरची काच असते हे ज्याचं आयुष्य कॅमेऱ्यामागे गेलं त्याला माहीत नसेल? माहीत नसेल तर कमाल, आणि असेल तर त्याहून कमाल. परतताना रिक्षात मी नुसती धुमसत होते.

दाजी स्टुडिओत एकटेच फोटो कापत बसले होते. मी लेन्स काउंटरवर आदळलीच असती, पण आवरलं. हळू ठेवली. त्यांनी काचेकडे पाहिलं आणि हातातली कात्री बाजूला ठेवली.

"बरी झाली का?" त्यांनी विचारलं.

"आजारीच नव्हती. दाजी, तुम्हाला माहीत होतं ना?"

त्यांनी लेन्स जवळ ओढली. मग म्हणाले, "उज्वला, खरं सांगू? माहीत होतं का नव्हतं, तेच मला कळंना. फिरवून बघावं असं एकदा मनात आलं होतं. पण हात गेला नाय." लेन्सवरून त्यांनी अंगठा फिरवला. "पडली ना, तवा लय हलकं वाटलं. वाईट वाटायला पाहिजे का नाय? पोरीनं हौसेनं आणलेली. पण हलकंच वाटलं. का वाटलं, याचा लय विचार केला मी. तू शाळेत शिकवती, तू सांग."

मी चिडायचं म्हणून आले होते, आणि समोर हा माणूस गणित चुकलेल्या मुलासारखा माझ्याकडे बघत होता.

"इतकी वर्षं म्हणत आलो, लेन्स पाहिजे, मग दाखवतो," ते म्हणाले. "आता लेन्स आली. समजा फोटो काढला आन् तो साधाच आला, तर? मग मी काय म्हणू?"

तेवढ्यात आतल्या दारातून ताई पुढे आली. स्टुडिओच्या मागेच त्यांचं घर. तिनं सगळं ऐकलं होतं. लेन्सकडे पाहिलं, मग दाजींकडे. मला वाटलं, आता 'अंगण वाकडं' येणार. ते आलं नाही.

"म्हणजे फुटली नव्हती?" ती म्हणाली. "मी नारळ ठेवला म्हणून पोरीची वस्तू गेली, असं धरून मी इतके दिवस जळतेय. पोरीचा फोन घ्यायची भीती वाटायची मला. आणि तुम्ही शीळ घालत होतात?"

दाजी उभे राहिले, पुन्हा बसले. असा उतरलेला चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. "माझ्या हे ध्यानातच आलं नाय," ते म्हणाले. "आईशप्पथ, ध्यानातच आलं नाय." ताई आत निघून गेली. मीही निघाले. घरी पोचेपर्यंत माझा राग कुठे गेला ते मला समजलं नाही.

पुढच्या रविवारी पहाटे दाजींचा फोन. "चल. तुझी ताई बी येती." निफाडची थंडी ही काय चीज आहे ते तिकडच्यालाच ठाऊक. कानटोप्या, शाली, थर्मासमध्ये चहा. नांदूरमध्यमेश्वरला पोचलो तेव्हा पाण्यावर धूर उठल्यासारखं धुकं होतं आणि त्याच्या पलीकडे, खूप लांब, रोहितांची एक पांढुरकी रांग. दाजींनी तिवई लावली. लेन्स बसवून ती घट्ट बसलीय का ते दोनदा तपासलं. ताई शेजारी शाल घट्ट धरून उभी. अजून पुरती बोलत नव्हती, पण आली होती.

ऊन आलं. धुकं विरलं. आणि कुठून तरी कुत्रं भुंकलं तसा अख्खा थवा उठला. पंखांखालचा तो लाल रंग, दाजींनी माझ्या लग्नात सांगितलेला, तंतोतंत तसाच उघडला. कॅमेरा खटखट वाजला आणि थांबला. थवा धरणाच्या भिंतीकडे गेला.

दाजींनी कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या पडद्यावर फोटो लावला. आम्ही दोघी वाकलो. फोटोत भरपूर पाणी होतं, भरपूर आभाळ होतं, आणि कोपऱ्यात दोन लांब पाय, तेही पुसट.

"हे काय?" ताईनं विचारलं.

"रोहित," दाजी म्हणाले.

मला वाटलं, आता हा फोटो पुसला जाणार. पण त्यांनी तो मोबाइलवर घेतला आणि आमच्यासमोर तेजलला पाठवला. रविवार असूनही तिचा लगेच फोन आला. दाजींनी स्पीकर लावला.

"बाबा, काढलात फोटो! पण यात पक्षी कुठाय? लेन्समध्ये काही प्रॉब्लेम आहे का?"

दाजींनी ताईकडे पाहिलं.

"नाय बाळा," ते म्हणाले. "लेन्स लय चांगली हाय. माझाच हात हलला."

ताईनं थर्मास उघडून चहाचा पहिला कप त्यांच्यापुढे धरला. तो तसाच तिच्या हातात राहिला, कारण दाजींनी पुन्हा कॅमेऱ्याला डोळा लावला होता.